बंदिस्त चुलीच्या तपमानाचे मापन : उरणच्या हवेच्या संदर्भात

चुलीतील विस्तवाची पारख ही मराठी घरातील एक जुनी विद्या होय. ज्वाळेचा रंग, धुराचा दाट वा विरळपणा, लाकडाच्या टोकाशी फसफसणारे पाणी आणि तव्यावर शिंपडलेल्या थेंबाचे नाचणे एवढ्या खुणांवरून स्वयंपाक करणारी स्त्री जाळ कमी-अधिक करीत असे. आणि या खुणा तिला सहसा दगा देत नसत. तथापि विस्तव एकदा बंद पेटीत कोंडला, की यांपैकी बहुतेक खुणा दिसेनाशा होतात. मग उपकरणाचा आश्रय घ्यावा लागतो, आणि उपकरण आले की एक नवीनच अडचण उभी राहते. काट्याने दाखविलेला आकडा नेमका कशाचा, हे ठरविल्यावाचून त्या आकड्याला अर्थ येत नाही. प्रस्तुत लेखात या अडचणीचा विचार करावयाचा आहे.

थंड प्रदेशांत हा प्रश्न एका विशिष्ट रूपाने पुढे येतो. तेथील जुन्या घरांतून भिंतीत बांधलेली उघडी शेकोटी असते. तिच्यातील बरीचशी उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. म्हणून तिच्या कोनाड्यात काचेच्या दाराची, लोखंडी वा बिडाची बंद शेगडी बसविण्याची पद्धत रूढ झाली. उरणमध्ये ऊब मिळविण्यासाठी कोणी शेकोटी बांधीत नाही. परंतु बंद कोठीत लाकूड जाळून त्याच्या धुराला नळीवाटे बाहेर काढण्याचे तत्त्व येथील घरांना अपरिचित नाही. न्हाणीघरातील तांब्याचा बंब हे त्याचे घरोघरी ठाऊक असलेले उदाहरण होय. स्वयंपाकघरातील धुराड्याची चूलही त्याच जातीची. यास्तव कोनाड्यातील शेगडी, बंब आणि धुराड्याची चूल यांचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरेल.

१. लाकडाच्या ज्वलनाचे टप्पे

लाकूड हे एकजिनसी इंधन नव्हे. ते तापू लागले म्हणजे प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन जाते, आणि हे चालू असेतो लाकडाचा तो भाग १०० अंश सें. च्या फारसा वर चढत नाही. सुमारे २०० अंशांपुढे लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू व डांबरी बाष्पे बाहेर पडू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग या रूपाने बाहेर येतो. आपण जिला ज्वाळा म्हणतो ती या वायूंचीच असते. शेवटी उरतो तो कोळसा. तो ज्वाळेशिवाय, निखाऱ्याच्या रूपाने जळतो.

मापनाच्या दृष्टीने यातील मधला टप्पा निर्णायक आहे. बाहेर पडणारी बाष्पे पूर्णपणे जळावयाची तर त्यांना पुरेसा प्राणवायू, त्याच्याशी मिसळण्यास अवधी आणि सुमारे ६०० अंशांहून अधिक तपमान या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लाभल्या पाहिजेत. कार्बन मोनॉक्साइड वायू आपण होऊन पेट घेतो ते तपमानही याच सुमाराचे आहे. या तिन्हींतील एखादी गोष्ट उणी पडली तर जळावयाचा वायू न जळताच नळीत शिरतो. तेथे तो थंड झाला म्हणजे त्यातील डांबरी अंश भिंतीला चिकटतो. नळीतील वायू १२० अंशांच्या खाली उतरला, की हे डांबर वेगाने साचते असा सर्वसाधारण अनुभव आहे. पुढे एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला तर हा थरच पेटतो. धुराड्यातील अशा आगीत तपमान १,००० अंशांपलीकडे जाऊ शकते, आणि लगतच्या वाशांना व छपराला धोका पोहोचतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोठीतील तपमान आणि नळीतील तपमान या दोन भिन्न राशी असून त्यांच्याकडून अपेक्षाही भिन्न आहेत. कोठी जितकी तप्त तितके ज्वलन चांगले. नळी मात्र फार तप्त नको, कारण ती उष्णता वाया जाते. आणि फार थंडही नको, कारण मग डांबर साचते व ओढ मंदावते.

२. साधने आणि त्यांचे दोष

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे द्विधातुक तपमापक. भिन्न प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची पट्टी एकत्र जोडून तिची गुंडाळी करतात. ती तापली म्हणजे पिळते व काटा फिरतो. शेगडीसाठी मिळणाऱ्या अशा तपमापकाच्या पाठीस लोहचुंबक असते, व ते लोखंडी नळीला चिकटते. या साधनाने पृष्ठभागाचे तपमान कळते, आतील वायूचे नव्हे. एकपदरी लोखंडी नळीच्या आतील वायू पृष्ठभागाहून पुष्कळच अधिक तप्त असतो. कित्येकदा अंशांचा आकडा जवळजवळ दुप्पट भरतो. बंबाच्या बाबतीत तर हे साधन आरंभीच निरुपयोगी ठरते, कारण तांब्याला चुंबक चिकटत नाही.

दुसरे साधन थर्मोकपल, म्हणजेच तापयुग्म. दोन भिन्न धातूंच्या तारांचे सांधे वेगवेगळ्या तपमानास ठेवले असता त्यांच्या मंडलात विद्युत्प्रवाह वाहतो, हे १८२१ मध्ये झेबेक याच्या निदर्शनास आले. त्यावर हे साधन आधारलेले आहे. क्रोमेल व अल्युमेल या मिश्रधातूंचे युग्म भट्टीच्या कामी विशेष प्रचारात आहे. त्यापासून दर अंशास सुमारे ०.०४१ मिलिव्होल्ट इतका विभव मिळतो. येथे ध्यानात ठेवावयाचे ते असे की, हा विभव दोन सांध्यांच्या तपमानांतील फरकाचा असतो. थंड सांध्याचे तपमान ३० अंश धरून आकडे मांडले, आणि चुलीजवळच्या उबेने तो सांधा ४५ अंशांवर गेला, तर प्रत्येक वाचन १५ अंशांनी उणे येईल. आधुनिक मापकांत याची दुरुस्ती आपोआप होते. परंतु मापकच चुलीशेजारी फळीवर ठेवला असेल तर तिच्यावरही विसंबता येत नाही.

तापयुग्माचा याहून सूक्ष्म दोष प्रारणाचा आहे. नळीत बसविलेला सांधा वायूपासून उष्णता घेतो, पण त्याच वेळी भोवतालच्या थंड भिंतीकडे ती प्रारणाने टाकीतही असतो. म्हणून तो वायूच्या खऱ्या तपमानापर्यंत पोहोचतच नाही. नळीची भिंत बंबाप्रमाणे पाण्याने वेढलेली असली, तर वायू ३०० अंश असताना वाचन पन्नास-साठ अंशांनी कमी येणे अशक्य नाही. उलट सांध्यासमोर उघडा जाळ असला तर वाचन वायूपेक्षा अधिक येईल. यावर उपाय म्हणजे सांध्याभोवती एक पातळ धातूचे आवरण ठेवणे, अथवा वायू वेगाने शोषून सांध्यावरून नेणे. नित्याच्या देखरेखीस इतका खटाटोप आवश्यक नसतो. मात्र दोन चुलींची तुलना करताना दोहोंत सांधा एकाच जाडीचा व एकाच स्थानी असला पाहिजे.

तिसरे साधन अवरक्त तपमापक. ते लांबूनच रोखावयाचे असल्याने सोयीचे वाटते, परंतु पृष्ठभागाची उत्सर्जनशक्ती माहीत नसेल तर ते सर्वाधिक फसवे ठरते. काजळलेल्या लोखंडाची उत्सर्जनशक्ती एकाच्या जवळ असते, तर चकचकीत तांब्याची ०.०५ च्या आसपास. चिंचेने लख्ख घासलेल्या बंबावर हे साधन रोखले तर ते मुख्यतः समोरच्या भिंतीचे परावर्तित प्रारण मोजते, आणि हाताला चटका देणारा बंब जवळजवळ थंड असल्याचे दाखविते. बंबावर निस्तेज काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका देऊन तेथे मापन केल्यास हा दोष बहुतांशी दूर होतो. शेगडीच्या काचेच्या दारातून आतील निखाऱ्यांचे तपमान घेण्याचा प्रयत्नही असाच फसतो, कारण या साधनाला लागणाऱ्या लांब तरंगांना सामान्य काच अपारदर्शक असते. मापन होते ते काचेचे.

३. मापन कोठे करावे

कोनाड्यातील शेगडीची खरी अडचण साधनाची नसून जागेची आहे. स्वतंत्र उभ्या शेगडीची नळी खोलीत दिसते, तिला तपमापक लावता येतो. कोनाड्यातील शेगडीची नळी दर्शनी पत्र्यामागे दडलेली असते. त्यामुळे वापरणारा तपमापक दर्शनी भागावर, दाराच्या चौकटीवर किंवा वरच्या कडेवर लावतो. आता अशा शेगडीच्या दुहेरी कवचातून खोलीतील हवा पंख्याने खेळविण्याची योजना असते. पंखा सुरू झाला, की आतील जाळ तसाच राहूनही दर्शनी भाग थंड होतो व काटा खाली येतो. वापरणाऱ्याला वाटते की विस्तव मंदावला. तो आणखी लाकूड घालतो. पंखा बंद झाला म्हणजे याच्या उलट होते. येथे काटा चूक सांगत नाही; तो प्रामाणिकपणे कवचाचे तपमान सांगतो. चूक आहे ती कवचाच्या तपमानाला विस्तवाचे तपमान समजण्याची. म्हणून अशा शेगडीत नळीच्या आरंभी छिद्र पाडून लांब तारेचे तापयुग्म बसवावे आणि तार दर्शनी पत्र्याबाहेर आणावी, हाच योग्य मार्ग होय. धुरातील न जळलेला अंश जाळण्यासाठी ज्या शेगड्यांत उत्प्रेरकाची जाळी असते, त्यांत तर हे अपरिहार्य आहे. कारण ती जाळी सुमारे २६० अंशांना पोहोचल्याखेरीज कार्य करू लागत नाही, आणि त्याआधी धूर तिच्यातून वळविला तर ती काजळीने बुजते.

बंबात स्थानाचा प्रश्न निराळ्या रीतीने उद्भवतो. त्याची रचना सर्वपरिचित आहे. खाली जाळी व राखेची जागा, मधोमध वर निमुळती होत जाणारी नळी, आणि तिच्या सभोवार पाणी. नळीची भिंत एका बाजूने धुराला व दुसऱ्या बाजूने पाण्याला लागून असते. तांबे उत्तम उष्णतावाहक, आणि पाण्याला उष्णता देणे हे वायूला देण्याहून कितीतरी सुलभ. परिणामी नळीच्या भिंतीचे तपमान जवळजवळ पाण्याइतकेच राहते. आत ज्वाळा असली तरी ते १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. बंबाच्या बाह्यांगावर घेतलेले वाचन हे केवळ त्या उंचीवरील पाण्याचे तपमान होय, आणि पाणीही वर कढत व तळाशी कोमट असते. विस्तवाविषयी त्यावरून काहीच कळत नाही.

या थंड भिंतीचा ज्वलनावर होणारा परिणाम मात्र मोठा आहे. ज्वाळा नळीत शिरून पूर्णपणे जळण्यापूर्वीच भिंतीला भिडली, तर तिचे तपमान ६०० अंशांखाली येऊन ती तेथल्या तेथे विझते. काजळी व कार्बन मोनॉक्साइड यांचा उगम येथे आहे. शिवाय २० टक्के ओलावा असलेल्या लाकडाच्या धुरातील वाफेचा दवबिंदू साधारणतः ४५ ते ५० अंशांच्या आसपास येतो. सकाळी बंबात २५ अंशांचे पाणी भरून जाळ केला, की नळीची भिंत दवबिंदूच्या खाली असल्यामुळे तिच्यावर पाणी सुटते. राखेत टपटपणारे काळपट थेंब पाहून बंब गळतो असे पुष्कळांना वाटते. पाणी ५० अंशांपलीकडे तापले म्हणजे हे गळणे आपोआप थांबते. बंब खरोखर फुटका आहे की नाही, याची ही साधी कसोटी होय.

बंबाच्या देखरेखीसाठी म्हणून दोन स्थाने पुरेशी आहेत : एक, नळीच्या वरच्या तोंडाशी चार बोटे आत, बरोबर मध्यभागी, आणि दुसरे, पाण्यात वरच्या अंगाला. पहिल्याने वाया जाणारी उष्णता कळते, दुसऱ्याने मिळालेली.

४. आकड्याचा अर्थ

नळीच्या तोंडाशी तपमान कमी, म्हणजे उष्णतेचा अपव्यय कमी, असा समज सहज होतो. तो अपुरा आहे. अपव्यय हा धुराच्या तपमानावर जितका, तितकाच धुराच्या राशीवरही अवलंबून असतो. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

एक किलोग्रॅम कोरड्या लाकडापासून सुमारे ४,४०० किलोकॅलरी उष्णता मिळते, आणि त्याच्या पूर्ण ज्वलनास किमान सुमारे ६ किलोग्रॅम हवा लागते. प्रत्यक्षात ती याहून अधिक जाते. एका चुलीत दुप्पट, म्हणजे १२ किलोग्रॅम हवा गेली, तर १३ किलोग्रॅम धूर तयार होतो. तो २५० अंशांना बाहेर पडला आणि बाहेरची हवा ३० अंशांची असली, तर धुराची विशिष्ट उष्णता ०.२५ धरून अपव्यय १३ × ०.२५ × २२० म्हणजे ७१५ किलोकॅलरी, अर्थात् सुमारे १६ टक्के येतो. दुसऱ्या चुलीत दार सताड उघडे असल्याने चौपट हवा, म्हणजे २४ किलोग्रॅम, शिरते व धूर २५ किलोग्रॅम होतो. तो केवळ १५० अंशांना बाहेर पडला, तरी अपव्यय २५ × ०.२५ × १२० म्हणजे ७५० किलोकॅलरी, अर्थात् सुमारे १७ टक्के भरतो. दुसऱ्या चुलीचा काटा १०० अंशांनी खाली असूनही ती पहिलीपेक्षा काटकसरीची नाही. उलट जादा हवेने तिची कोठी थंड पडून ज्वलन अपुरे राहण्याचा संभव अधिक.

म्हणून नळीतील तपमानाबरोबर धुरातील प्राणवायूचे प्रमाण मोजणे आवश्यक ठरते. पहिल्या चुलीच्या धुरात ते सुमारे १०.५ टक्के, तर दुसरीच्या धुरात जवळजवळ १६ टक्के असेल. हे मापन शक्य नसेल तेथे हवेचे दार एकाच स्थितीत ठेवून मगच तपमानांची तुलना करावी. हवेचे दार व तपमान ही दोन्ही एकाच वेळी बदलू दिली, तर वाचनांच्या वहीत आकडे पुष्कळ जमतात, निष्कर्ष मात्र एकही निघत नाही.

५. उरणची हवा

शेगड्यांसोबत येणाऱ्या सूचनापत्रांत तपमानाच्या ज्या मर्यादा छापलेल्या असतात, त्या थंड प्रदेशांतील अनुभवावर बेतलेल्या आहेत. त्या उरणमध्ये जशाच्या तशा लागू पडतील काय?

प्रथम ओढीचा विचार करू. धुराड्याची ओढ ही बाहेरील हवा व आतील धूर यांच्या घनतांतील फरकामुळे निर्माण होते. बाहेर ० अंश असताना हवेची घनता दर घनमीटरला १.२९ किलोग्रॅम, तर ३० अंशांना १.१६ किलोग्रॅम असते. धुराची घनता स्थूलमानाने त्याच तपमानाच्या हवेइतकी धरली, तर ३ मीटर उंचीच्या धुराड्यात सरासरी १५० अंशांचा धूर असताना थंड प्रदेशात सुमारे १३.५ पास्कल ओढ मिळते. उरणच्या ३० अंशांच्या हवेत ती ९.७ पास्कल एवढीच भरते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, बर्फाळ हवेत १०० अंशांचा धूर जेवढी ओढ देतो, तेवढी मिळविण्यासाठी उरणमध्ये धूर सुमारे १५८ अंश तप्त असावा लागतो. धुराड्याची उंची वाढविता येत नसेल, तर येथील नळी थोडी अधिक गरम ठेवणे हा अपव्यय नसून ओढीची किंमत आहे. काटकसरीच्या भरात ती नाकारली, तर धूर घरात परततो.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. लाकूड भोवतालच्या हवेतील दमटपणाशी समतोल साधते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना त्यात कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी राहते. ८० टक्क्यांना ते १६ आणि ९० टक्क्यांना २० टक्क्यांच्या घरात जाते. उरण तीन बाजूंनी खाडी व समुद्र यांनी वेढलेले. पावसाळ्यात येथे पडवीत रचलेले सरपण, एक थेंब न लागताही, माळ्यावरच्या उन्हाळी सरपणाच्या दुप्पट ओले असू शकते. एकूण वजनाच्या २० टक्के पाणी असलेल्या लाकडापासून दर किलोग्रॅमला सुमारे ३,४०० किलोकॅलरी मिळतात. ओल्या लाकडात हे पाणी ४० टक्के असले तर केवळ २,४०० च्या आसपास. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वाफ होणारे पाणी कोठीचे तपमान खाली ओढते आणि न जळलेल्या बाष्पांचा वाटा वाढविते. चुलीच्या वर, धुराच्या वाटेवर सरपण वाळत घालण्याची जुनी पद्धत या दृष्टीने सर्वस्वी शास्त्रशुद्ध होती. मात्र ते लाकूड तापून पेटणार नाही एवढे अंतर राखले पाहिजे.

तिसरा प्रश्न मिठाचा. किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके आणि जुन्या होड्यांच्या फळ्या जळणासाठी वापरण्याचा मोह करंजा-मोऱ्यासारख्या बंदरांच्या परिसरात साहजिक आहे. अशा लाकडात मुरलेले मीठ जळताना क्लोरिनची संयुगे मुक्त करते. ती लोखंडी व पोलादी कोठी कुरतडतात, तापयुग्माचे पोलादी आवरणही खातात, आणि त्या धुरात विषारी क्लोरिनयुक्त द्रव्ये निर्माण होतात. तापयुग्माच्या वाचनात अकारण चढउतार दिसू लागले, तर अशा ठिकाणी प्रथम आवरण तपासावे. तिवरांच्या लाकडाचा प्रश्न तर आता उरतच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आहे.

६. वैल आणि वीजकेंद्र

जुन्या चुलीस मुख्य तोंडाच्या मागे किंवा बाजूस वैल असे. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जाई, आणि तेथून निसटलेल्या धुराच्या उबेवर वैलावरचे पातेले तापत राही. अधिक तपमानाची उष्णता आधी, कमी तपमानाची नंतर, अशी ही दोन पायऱ्यांची योजना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या प्रयत्नांतून आलेली मगन चूल आणि हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये पुरस्कारिलेली निर्धूर चूल यांतही धूर अनेक भांड्यांखालून नेऊन मग धुराड्यात सोडण्याचेच तत्त्व होते.

योगायोगाने याच तत्त्वाचे भव्य रूप उरणमध्येच पाहावयास मिळते. बोकडविरा येथील वायुविद्युत केंद्रात नैसर्गिक वायू जाळून प्रथम वायु-टर्बाइन फिरवितात. अशा यंत्रांतून बाहेर पडणारा वायू साधारणतः ५०० अंशांच्या आसपास तप्त असतो. तो वाया न दवडता त्यावर पाण्याची वाफ करून दुसरे टर्बाइन चालविण्याची योजना या केंद्रात आहे. प्रत्येकी १०८ मेगावॅटचे चार वायुसंच आणि प्रत्येकी १२० मेगावॅटचे दोन बाष्पसंच मिळून केंद्राची स्थापित क्षमता ६७२ मेगावॅट होते. बाष्पसंचांचे हे २४० मेगावॅट म्हणजे वैलावरचे पातेलेच होय.

अशा टर्बाइनांच्या देखरेखीतून चुलीच्या अभ्यासकाने एक धडा घेण्यासारखा आहे. वायूच्या निर्गमन मार्गात एकच तापयुग्म ठेवीत नाहीत. वर्तुळाकार अनेक ठेवतात, आणि सरासरीइतकेच लक्ष त्यांच्यातील परस्पर फरकाकडे देतात. एखादे वाचन इतरांपासून दूर गेले, तर दोष ज्वलनकोठीच्या एका भागात आहे, किंवा खुद्द तापयुग्मात, हे ओळखता येते. चुलीच्या नळीतही मध्यभागी एक व भिंतीजवळ एक अशी दोन युग्मे बसविली, तर प्रवाह सरळ आहे की एका अंगाने जातो, याचा बोध होतो.

७. काळाचे महत्त्व

एखाद्या क्षणीचे एकच वाचन जवळजवळ निरर्थक असते. लाकडाचा जाळ स्थिर नसतो. म्हणून दर एक-दोन मिनिटांनी वाचने घेऊन त्यांचा आलेख काढावा. त्यात तीन भाग स्पष्ट दिसतात. पेटविल्यानंतरची चढण, ज्वाळांचा पठारासारखा भाग, आणि निखाऱ्यांची दीर्घ उतरण. मधे ओले लाकूड घातले, की तात्पुरता खळगा पडतो. चढण जितकी लांबेल तितका धूर व डांबर अधिक. यास्तव बारीक, सुक्या ढलप्यांनी जाळ लवकर उभा करणे श्रेयस्कर. ज्वाळा असतानाच हवेचे दार घट्ट लावून जाळ 'पुरवून' वापरण्याची सवय पठारालाच धुमसणीचे रूप देते.

परंतु सर्वांत अधिक सावधगिरी बाळगावयाची ती उतरणीच्या वेळी. ज्वाळा गेल्या, धूर दिसेनासा झाला, काटा खाली आला, म्हणजे विस्तव निरुपद्रवी झाला अशी समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट असू शकते. निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडीत असतात. हा वायू रंगहीन व गंधहीन आहे, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूहून कितीतरी पटींनी अधिक घट्ट संयोग पावतो. त्याच वेळी नळी थंड होत असल्याने ओढ क्षीण होते. वरील उदाहरणातील ३ मीटर धुराड्यात धूर ६० अंशांवर उतरला, की उरणच्या हवेत ओढ जेमतेम ३ पास्कल उरते; दमट, निवांत सकाळी वा वाऱ्याच्या उलट झोताने तीही नाहीशी होते. बंबाला तर बहुधा धुराडे नसतेच, केवळ त्याची स्वतःची आखूड नळी असते. दार-खिडकी लावलेल्या न्हाणीघरात निखाऱ्यांचा बंब ठेवून स्नानास बसणे यामुळेच जिवावर बेतू शकते. काट्याचा तळाशी गेलेला आकडा येथे अभयाचा नव्हे, इशाऱ्याचा आहे. बंब न्हाणीघराबाहेर, उघड्यावर ठेवण्याची अनेक घरांतील रीत म्हणूनच शहाणपणाची होय.

८. समारोप

चुलीची गुणवत्ता ठरविण्याच्या भारतीय मानकात, १९९१ मध्ये प्रथम निघालेल्या व २०१३ मध्ये सुधारलेल्या, सुवाह्य जैवइंधन चुलीची औष्णिक कार्यक्षमता नैसर्गिक ओढीच्या चुलीसाठी किमान २५ टक्के व पंख्याच्या चुलीसाठी किमान ३५ टक्के असावी असे म्हटले आहे. त्याचबरोबर कार्बन मोनॉक्साइड व धूलिकण यांवरही स्वतंत्र मर्यादा घातल्या आहेत. ही जोड अर्थपूर्ण आहे. पाण्यात किती उष्णता उतरली यावरून ज्वलन स्वच्छ झाले की नाही हे कळत नाही, आणि ज्वलन स्वच्छ झाले यावरून उष्णता पाण्यात उतरली असेही सिद्ध होत नाही. थंड भिंतींच्या बंबात पहिली गोष्ट दुसरीच्या मुळावर येऊ शकते, हे वर पाहिलेच.

या विषयात प्रत्यक्ष काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने वहीच्या प्रत्येक पानावर, तपमानाच्या रकान्याशेजारी, चार गोष्टी न चुकता टिपाव्यात : सांधा नेमका कोठे होता, हवेचे दार किती उघडे होते, लाकूड किती ओले होते आणि बाहेरची हवा किती अंश व किती दमट होती. एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी उरण प्रसिद्ध होते. अशा भट्टीवर जाळ आवरावयाचा तो गळणाऱ्या धारेकडे पाहून. म्हणजे परिणामावरून कारणाकडे जाऊन. तपमापकाने आपल्याला थेट कारणापाशी नेले हे खरे. परंतु त्याच्या काट्याला चुलीची रचना, हवेचा दमटपणा आणि घटिकेची वेळ ठाऊक नसते. ती जाणून आकडा वाचणे हे काम अजून माणसाचेच आहे.